निळ्या टाकीतली हवा

दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीबद्दल काहीतरी लिहून द्या, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. एक तर माझे गुडघे आणि कंबर त्या नोकरीबद्दल रोजच बोलत असतात. दुसरं म्हणजे, नर्सच्या आठवणी म्हटलं की लोकांना पांढऱ्या साडीतली देवी हवी असते आणि मी तशी कधीच नव्हते. मी चिडकी होते. पाय भरून आले की पेशंटवरही खेकसायचे. पण मग वाटलं, एका गोष्टीबद्दल लिहायला हरकत नाही. आमच्याकडे तेव्हा दुखणं लांब नेणारी हवा होती, आणि ती बघितलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत.

काळ एकाहत्तर-बाहत्तरचा. नगर जिल्ह्यात, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात आमचं लहानसं इस्पितळ होतं. एक डॉक्टर, आम्ही मोजक्या नर्स आणि बाहेर कायम रांग. बाळंतपणं सोडली तर अपघात हेच आमचं मुख्य काम. उसाची गाडी उलटली, कडबा तोडताना बोट गेलं, विहिरीच्या सुरुंगाचा दगड लागला, घोडेगावच्या बाजारात बैलानं उचलून टाकलं. हाड बसवायचं तर ओढावं लागतं, जखम धुवायची तर खरवडावी लागते, आणि हे सगळं जागेपणी. ईथरची भूल द्यायला पोट रिकामं लागतं, आणि अपघात काही पोट बघून होत नाही. इंजेक्शन चढायला वेळ लागतो. तोवर माणूस ओरडतो आणि त्याचे नातेवाईक आपल्याकडे असे बघतात, जणू बैलाला आपणच पाठवलं होतं.

अशात परदेशातल्या कुणा भल्या माणसांनी आमच्या डॉक्टरांना दोन निळ्या टाक्या पाठवल्या. आत दोन वायू निम्मे-निम्मे मिसळलेले. एक प्राणवायू आणि दुसरा तो, ज्याला हसवणारा वायू म्हणतात. टाकीला रबरी नळी, नळीच्या टोकाला झडप, झडपेला काळा रबरी मुखवटा. मुखवटा नाकातोंडावर घट्ट दाबून श्वास ओढला की झडप उघडायची, सुस्स आवाज व्हायचा आणि हवा आत जायची. थोड्याच श्वासांत माणूस ढिला पडायचा. झोपायचा नाही, बोलायचा, पण दुखणं लांब जायचं. राहुरीकडच्या एका म्हाताऱ्याचा मोडका पाय आम्ही ओढत होतो तेव्हा मी विचारलं, "बाबा, दुखतंय का?" म्हातारा म्हणाला, "दुखतंय की. पर शेजाऱ्याचं दुखतंय." याहून चांगलं वर्णन मी पुढं कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. मुखवटा बाजूला केला की मात्र तितक्याच झटपट सगळं परत यायचं.

या हवेचा एकच कडक नियम होता. मुखवटा पेशंटनं स्वतःच्या हातानं धरायचा. दुसऱ्या कुणी धरायचा नाही, अगदी डॉक्टरांनीही नाही. कारण साधं आहे. गुंगी जास्त झाली की माणसाचा हात आपोआप गळतो, मुखवटा खाली येतो, तो बाहेरची हवा घेतो आणि सावध होतो. दुसऱ्यानं दाबून धरला तर थांबवणार कोण? हे मी किती जणांना समजावून सांगितलं असेल याला गणती नाही, आणि आमच्या माणसांच्या गळी हेच उतरायचं नाही. पेशंटनं स्वतः काही करायचं ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. आजारी माणसाला पाणीसुद्धा दुसऱ्यानं पाजायचं असतं. "पोराचा हात मोडलाय आन् तुमी त्यालाच धराया लावता?" म्हणून एका आईनं माझ्या हातातून मुखवटा ओढून घेतला आणि प्रेमानं पोराच्या तोंडावर दाबला. पोराचे डोळे फिरले तेव्हा मी त्या बाईला ढकलूनच दिलं. पोरगा लगेच सावध झाला. बाई मात्र गावभर सांगत फिरली की नर्स लई आडदांड हाय.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका बाईचं मनगट निखळलेलं, आणि तिचा प्रश्न, "आज एकादस हाय. ही हवा चालंल का?" डॉक्टर म्हणाले, "अहो, श्वास तर रोज घेता ना?" पण तिनं माझ्याकडून वदवून घेतलं तेव्हाच मुखवटा हातात घेतला. एक जावई हवा घेता घेता सासऱ्याला काय काय बोलला ते इथं लिहिता येणार नाही. सासरा शेजारीच उभा होता आणि मुखवटा काढल्यावर जावयाला त्यातलं काहीच आठवेना.

एक बागायतदार आले होते, बाजारात बैलानं ढुशी दिल्यामुळे खांदा निखळलेला. त्यांच्याआधी बाकावर खाणीत काम करणारा एक मजूर हवा घेऊन उठला होता. कुठल्या वस्तीवरचा ते बागायतदारांनी त्याच्या बोलण्यावरून ओळखलं. मी मुखवटा त्यांच्यासमोर साबणानं धुतला, स्पिरिटनं पुसला. त्यांनी तोंड फिरवलं. मग मला विचारलं, "बाई, तुमी मूळच्या कोन?" आम्ही श्रीरामपूरचे ख्रिस्ती. हा प्रश्न मला नवा नव्हता आणि त्याचा अर्थही मला पाठ होता. मी म्हटलं, "मूळची श्रीरामपूरची." डॉक्टर म्हणाले, राहू द्या, हवेशिवाय बसवतो. त्यांनी दंड धरून पहिला हिसका दिला आणि बागायतदारांनी इस्पितळ डोक्यावर घेतलं. "आना! आना ती हवा!" मी मुखवटा पुढं केला तर त्यांनी तो हिसकावूनच घेतला. खांदा जागेवर बसला. बाकी त्यांच्या डोक्यातलं काय जागेवर बसलं ते मला माहीत नाही.

हे सगळं आता हसत सांगता येतं. तेव्हा हसू यायचं नाही, कारण थकायलाच इतकं व्हायचं. लोकांना वाटतं, नर्सला दुसऱ्याच्या दुखण्याची सवय होते. सवय ओरडण्याची होते. दुखण्याची होत नाही. ती हवा आल्यापासून मला पहिल्यांदा कामावर जाताना थोडं बरं वाटायला लागलं होतं, म्हणून ती टाकी मला जपावीशी वाटायची. रिकामी झाली की ती मुंबईला भरायला जायची, रेल्वेनं, आणि कधी परत येईल ते रेल्वेलाच ठाऊक.

या सगळ्यात माझ्या मनातून न गेलेला माणूस म्हणजे सखाहरी.

गुऱ्हाळाचा हंगाम होता. दुपारी उसाच्या ट्रकमधून त्याला आणलं. तो एका गुऱ्हाळावर चरकात ऊस लावायचं काम करायचा. चरक ऑइल इंजिनावर चालणारा. ऊस लावता लावता त्याचा उजवा हात आत ओढला गेला. तो सोडवायला त्यानं डावा हात घातला, तोही चेंगरला. कुणीतरी इंजिनाचा पट्टा पाडून चरक थांबवला म्हणून कोपरापर्यंत गेलं नाही. त्याची बायको ठकूबाई तिथंच चुलाणाजवळ चिपाडं वाळत घालत होती. तिनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून, हळद भरून दोन्ही हात गुंडाळले होते. ते फडकं रक्तानं वाळून जखमेला चिकटलेलं. म्हणजे आधी ते सोडवण्याचाच प्रश्न.

सखाहरी ओरडत नव्हता. टेबलावर आडवा केल्यावर त्यानं मला एवढंच सांगितलं, "तोडू नका."

गावाकडं तेव्हा भूल म्हणजे तोडणं असंच समीकरण होतं. तोंडावर काहीतरी ठेवतात, माणूस झोपतो आणि उठतो तेव्हा पाय नसतो, असं प्रत्येकानं कुठंतरी ऐकलेलं. मी त्याला टाकी दाखवली आणि म्हटलं, "ही झोपवायची हवा नाही. कळ कमी होईल, बाकी सगळं तुम्हाला कळत राहील. तुम्हाला विचारल्याशिवाय काही तोडणार नाहीत."

"हे तुमी सांगताय का डाक्टर सांगत्यात?"

डॉक्टर शेजारच्या खोलीत हात धूत होते. मी म्हटलं, "मी सांगते."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग मी मुखवटा त्याच्यापुढं धरला आणि माझ्याच लक्षात आलं, की हा धरणार कशानं? दोन्ही हात गुंडाळलेले. आमचा तो नियम, जो मी आयाबायांना दरडावून सांगत आले होते, तो इथं निकामी होता. ठकूबाई लगेच पुढं झाली. "मी धरते की." मी तिचा हात बाजूला केला. तिनं दाबून धरला असता, कुणीही धरला असता. नवऱ्याच्या कळा बघवत नाहीत म्हटल्यावर कुठली बाई हात सैल ठेवेल? तिला ते पटलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून आठवते.

उपाय सखाहरीनंच सांगितला. त्यानं विचारलं, धरायचं असं काय असतं त्यात, आणि मी सांगितलं की गुंगी आली की मुखवटा आपोआप सुटला पाहिजे. तो दात आवळून म्हणाला, "मंग तुमी त्ये हितं उशीपाशी नुसतं धरून ऱ्हावा. दाबू नका. मी तोंड लावतो. बैल हौदाला लावतो तसं. त्याचं झालं की त्योच तोंड काढतो."

मी उशीच्या कडेला मुखवटा आडवा धरला. त्यानं मान वळवून त्यात तोंड खुपसलं आणि श्वास ओढला. सुस्स आवाज झाला. मग पुन्हा. हळूहळू त्याचा जबडा सैल झाला, मान आपोआप सरळ झाली आणि तोंड मुखवट्यातून सुटलं. थोडा सावध झाला की तो परत मान वळवायचा. मी हात तसूभरही हलवला नाही. नियम पाळला गेला होता. मला इतकं बरं वाटलं, की वर बघून मी ठकूबाईकडे हसलेसुद्धा. ती हसली नाही.

फडकं सलाईननं भिजवून भिजवून सुटलं. डावा हात वाचणार होता, दोन बोटं मोडली होती एवढंच. उजवा उघडला आणि डॉक्टरांनी एकेक बोट चाचपलं. मग मला हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, चारही गेलीत. अंगठ्याचाही भरवसा नाही. मनगटात इंजेक्शन देतो आणि आत्ताच सगळी काढून टाकतो. तुम्ही हवा चालू ठेवा."

मी म्हटलं, "डॉक्टर, त्याला विचारायला हवं."

"काय विचारायचं? तो काय सांगणार आहे?"

"मी शब्द दिलाय."

आमचे डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगते. सकाळपासून ते उभेच होते, जेवले नव्हते, आणि बाहेर पाय मोडलेला एक माणूस थांबलेला होता. ते म्हणाले, "आता तो शांत आहे. विचारायचं तर शुद्धीवर आणायला लागेल. पूर्ण. अर्ध्या गुंगीतलं हो-नाही मी धरणार नाही. म्हणजे हात असा उघडा असताना त्याला सगळी कळ सोसायला लावणार तुम्ही. विचार करा."

मी विचार केला असं म्हणणार नाही. तेवढा वेळच नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की हा माणूस डॉक्टरांच्या भरवशावर टेबलावर झोपलेला नाही, माझ्या भरवशावर झोपलाय. मी मुखवटा उचलून मागं घेतला.

सखाहरीनं मान वळवली. तिथं काही नव्हतं. त्यानं तोंड उशीवर घासलं, पुन्हा श्वास ओढला. मग डोळे उघडले. कळ माणसाच्या चेहऱ्यावर परत येताना मी त्याआधीही बघितली होती, पण तेव्हा ती परत आणणारी मी नव्हते. इतका वेळ न ओरडलेला माणूस ओरडला. ठकूबाईनं धावत येऊन त्याचे खांदे धरले. "काय केलं वो बाई? गप पडलं हुतं की बिचारं!"

मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, की चार बोटं मेली आहेत, ती काढावी लागतील, अंगठ्याचंही सांगता येत नाही, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय काढलेलं नाही. त्याला कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "बघू द्या."

डॉक्टरांनी मान हलवली, नको म्हणून. तरी मी हात थोडा वर उचलून दाखवला. त्यानं बघितलं. असं बघितलं, की मीच नजर काढून घेतली. ठकूबाई म्हणाली, "करा म्हना. काय बी करा, पर लवकर करा."

"चारी न्या," तो म्हणाला. "आंगठा ठिवा. आंगठ्याला कासरा गुतावता येतो."

डॉक्टर म्हणाले, "पिकेल तो. मग परत सोसावं लागेल."

"पिकंल तवा बघू."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मनगटात द्यायचं इंजेक्शन भरलं, आणि अंगठा ठेवायचं ठरवलं. मी मुखवटा पुन्हा उशीपाशी धरला. तो इतक्या जोरानं त्यात शिरला, की माझं मनगट टेबलाच्या कडेवर आपटलं.

पुढं रोजची मलमपट्टी. पहिले काही दिवस हवेवर निभावलं, मग टाकीवरचा काटा खाली आला आणि हवा संपली. दुसरी आधीच मुंबईला गेलेली होती. अंगठा डॉक्टर म्हणाले तसाच पिकला. रोज पू काढायचा, धुवायचं, आणि हवा नाही. सखाहरी सवयीनं उशीकडे मान वळवायचा. एके दिवशी ठकूबाईनं तिथं आपला हात धरला, ओंजळीसारखा, आणि तो त्यात तोंड घालून मुखवट्यात घ्यायचा तसे लांब लांब श्वास घेऊ लागला. त्या हाताला मी मनाई केली नाही. पट्टी होईपर्यंत बाईनं हात हलवला नाही. मी नंतर औषधांच्या खोलीत जाऊन रडले. नर्सनं रडू नये म्हणतात, पण खोलीला कडी असते.

अंगठा शेवटी वाचला. वाकत नव्हता, पण होता. तो घरी गेला आणि पुढच्या गर्दीत मी त्याला विसरलेही.

मग दुष्काळ पडला. गुऱ्हाळं थंड झाली, ऊसच नव्हता. सगळा मुलूख दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला आणि आमच्याकडे ठेचलेली बोटं, डोळ्यात गेलेल्या कपच्या, फुटलेली डोकी यांची रांग लागली. अशा वेळी ती हवा हवी होती. पण वॅगनी धान्याला आणि कडब्याला पुरत नव्हत्या, आमच्या टाकीची कुणाला पडलीय? एक टाकी गेली ती परत आलीच नाही. दुसरी कोपऱ्यात उभी असायची, तिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो.

एका सकाळी त्या रांगेत ठकूबाई दिसली. पायाच्या अंगठ्यावर दगड पडलेला. तिला धरून सखाहरी आला होता. दोघंही वाळून अर्धे झालेले. त्याला हातोडा धरता येत नव्हता, म्हणून बायको खडी फोडायची आणि तो पाटी डोक्यावर घेऊन वाहायचा. पाटी चढवायची दुसऱ्यानं, धरायची त्यानं, डाव्या हातानं आणि उजव्या अंगठ्यानं. मी ठकूबाईचं नख काढलं. हवेशिवायच. तिनं नवऱ्याच्या दंडात तोंड खुपसलं आणि आवाज काढला नाही.

पट्टी बांधता बांधता मी त्याला विचारलं. हे मी कधी कुणाला विचारत नसे, पण त्याला विचारलं. "सखाहरीभाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला उठवलं. बरं केलं का?"

बायकोचा पाय हातात धरून त्यानं पट्टीची गाठ बघितली. मग म्हणाला, "इचारलं त्ये बरं केलं, बाई." तिचा पाय हळूच खाली ठेवला. "पर उठवलं त्ये बरं न्हाई केलं. लई दुखलं."

रागानं म्हणाला नाही. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. न उठवता विचारायचं कसं असतं, हे मी त्याला विचारलं नाही आणि आजही ते मला माहीत नाही. त्यानं ठकूबाईला उठवलं, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि ती दोघं हळूहळू कामाच्या रस्त्याला लागली. हजेरी चुकवून चालणार नव्हतं. मी हात धुतले आणि पुढच्याला आत यायला सांगितलं.